अल्बिजेन्सियन धर्मयुद्ध: कोण कुणाच्या बाजूला होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तेराव्या शतकात दक्षिण फ्रान्समध्ये पाखंड्यांविरुद्ध जे धर्मयुद्ध झालं त्यावर तुम्ही दोन अंकी नाटक लिहीत आहात. दोन्ही बाजूंची मुख्य माणसं कोण, याची कच्ची यादी तुम्ही कागदावर करून पाठवलीय आणि ती तुम्हाला नीट मांडून हवीय. रेमंड, रॉजर, सिमॉन ही नावं सारखी येतात आणि घोळ होतो. शिवाय 'सगळ्यांना मारा, देव आपली माणसं ओळखेल' हे प्रसिद्ध वाक्य कुणाच्या तोंडी घालायचं, हेही तुम्ही विचारलंय.

मी बावीस वर्षं महाविद्यालयात मध्ययुगीन युरोप शिकवला. सुरुवातीला हे प्रकरण आलं की फळ्यावर मधोमध रेघ मारायचो. डावीकडे पोपचे लोक, उजवीकडे कॅथार, म्हणजे चर्चच्या लेखी पाखंडी. तास संपेपर्यंत निम्म्या नावांना रेघेपलीकडे नेणारे बाण काढावे लागत, आणि काहींना परत आणणारे. पुढे मी ती रेघच मारायची सोडली. नावांचा घोळ तुम्ही दोन दिवसांत निस्तराल. नाटक अडेल ते 'दोन्ही बाजू' या शब्दांपाशी. कारण या युद्धात ज्यांच्याविरुद्ध शस्त्र उचललं गेलं ते स्वतः लढलेच नाहीत, आणि त्यांच्या वतीने जे लढले त्यांतले बरेच जण नियमाने चर्चमध्ये जाणारे कॅथलिक होते.

आधी त्या न लढणाऱ्यांबद्दल. आपण त्यांना कॅथार म्हणतो, पण हे नाव बाहेरच्यांनी दिलेलं. आल्बी गावावरून आलेलं 'अल्बिजेन्सियन' हेही तसंच. ते स्वतःला चांगले ख्रिस्ती म्हणवत आणि गावकरी त्यांना 'भले लोक' म्हणत. त्यांच्या मते हे दिसणारं जग चांगल्या देवाने केलेलं नाही, आत्मा देहात अडकलेला आहे आणि सुटका होईपर्यंत एका देहातून दुसऱ्यात फिरतो. मांस, अंडी, चीज वर्ज्य, मासे चालत. शपथ घ्यायची नाही, जीव घ्यायचा नाही. डोक्यावर हात ठेवून दिली जाणारी एकच दीक्षा, तिचं नाव 'कोन्सोलामेन्तुम'. ती घेतली की हे सगळे नियम मरेपर्यंत पाळायचे. म्हणून बहुतेक साधी माणसं ती मरणाच्या अंथरुणावरच घेत. तोवर शेती करत, लग्नं करत, रविवारी चर्चमध्येही जात आणि वाटेत एखादा भला माणूस भेटला की तीनदा वाकून आशीर्वाद मागत. त्यांची कुठे शिस्तबद्ध संघटना होती की नंतरच्या चौकशी करणाऱ्यांनीच तिला तसं रूप दिलं, यावर आजही अभ्यासकांत चांगलाच वाद आहे. तुमच्या नाटकासाठी एवढं पुरे की ते लोक खरे होते, दोघादोघांच्या जोडीने काळ्या झग्यात फिरत आणि त्यांच्या हातात शस्त्र नव्हतं.

मग युद्ध कशासाठी? तर त्यांना घराबाहेर न काढणाऱ्या सरदारांसाठी. गारोन नदीपासून रोनपर्यंत पसरलेला हा मुलूख तुलूझच्या काउंटचा. पॅरिसचा राजा नावाला त्याचा धनी, पण भाषा वेगळी, कायदे वेगळे आणि वतनांची वाटणी अशी की एका किल्ल्याला पाच-पाच, कधी त्याहूनही जास्त हिस्सेदार. अशा ठिकाणी सरदाराला 'तुझ्या मुलखातले पाखंडी हाकलून दे' म्हणणं म्हणजे 'तुझी आत्या, तुझी सासू, तुझ्या कारभाऱ्याचा भाऊ यांना हाकलून दे' म्हणणं. हे समजलं की रेमंड सहावा समजतो.

रेमंड सहावा 1194 पासून तुलूझचा काउंट. युद्ध सुरू झालं तेव्हा पन्नाशी ओलांडलेला. आधीच्या लग्नातून इंग्लंडच्या रिचर्ड राजाची बहीण जोन हिच्यापासून त्याला मुलगा, तो पुढे रेमंड सातवा. नंतरची बायको आरागॉनच्या राजाची बहीण. स्वतः कॅथलिक, मठांना देणग्या देणारा. पण पोपचे दूत सांगतील तसं आपल्याच माणसांवर हत्यार धरायला तो तयार नव्हता, आणि तसं करण्याइतकी त्याची आपल्या मांडलिकांवर पकडही नव्हती. तो शब्द द्यायचा, मुदत मागायचा, परत शब्द द्यायचा. 1207 मध्ये पोपचा दूत पिएर द कास्तेलनो याने त्याला धर्मबहिष्कृत केलं. 14 जानेवारी 1208 ला, साँ-झीलला दोघांची कडाक्याची बोलणी झाल्यावर दुसऱ्याच सकाळी, रोनच्या काठी त्या दूताचा भाल्याने खून झाला. रेमंडचा हुकूम होता हे कधीच सिद्ध झालं नाही, आणि या खुनाने सगळ्यात जास्त नुकसान त्याचंच झालं. पण मार्च 1208 मध्ये पोप इनोसन्ट तिसरा याने धर्मयुद्ध पुकारलं. ख्रिस्ती मुलखाविरुद्ध, ख्रिस्ती सरदारांच्या जमिनी जो घेईल त्याच्या, अशा बोलीवर.

इथे तुमच्या पहिल्या अंकाला साजेसं एक दृश्य आहे. 18 जून 1209, साँ-झीलचं चर्च. या काउंटला कमरेपर्यंत उघडं करून दारात उभं केलं, शपथ घेववली आणि फटके मारत आत नेलं. गर्दी इतकी की आल्या वाटेने बाहेर पडता येईना, म्हणून त्याला खालच्या तळघरातून नेलं, आणि तिथे नेमकी त्या खून झालेल्या दूताची कबर होती. उघड्या, वळ उठलेल्या अंगाने त्याला तिच्यासमोरून जावं लागलं. आणि त्यानंतर चार दिवसांनी याच रेमंडने छातीवर क्रूस शिवला आणि तो धर्मयुद्धात सामील झाला. म्हणजे 1209 च्या उन्हाळ्यात, जेव्हा सगळ्यात भयंकर कत्तल झाली तेव्हा, तुमच्या कागदावरचा 'कॅथारांच्या बाजूचा मुख्य नेता' पोपच्या सैन्यासोबत घोड्यावर होता.

फौजेला शत्रू तर हवाच होता. रेमंडने सुटका करून घेतल्यावर ती वळली त्याच्या भाच्याकडे. हा रेमंड-रॉजर त्रांकाव्हेल, बेझिए आणि कारकासोनचा व्हायकाउंट, वय 24. नावं सारखी असली तरी या मामा-भाच्यांच्या घराण्यांचं पिढ्यान्‌पिढ्या वाकडं होतं. शरण जायला तोही तयार झाला, पण पोपच्या दूतांनी ऐकून घेतलं नाही. त्याने बेझिएतल्या ज्यूंना सोबत घेतलं, शहराला टिकून राहायला सांगितलं आणि तो कारकासोनची तटबंदी सांभाळायला गेला.

22 जुलै 1209, मेरी मॅग्डालिनच्या सणाचा दिवस. बेझिएच्या बिशपने दोनशेवर पाखंड्यांची नावं लिहिलेली यादी आणली होती. यांना हवाली करा, नाहीतर कॅथलिकांनी तरी बाहेर पडा, असं शहराला सांगितलं. शहराने नाकारलं. यादी टिकून राहिली आहे, तिच्यात कामकरी माणसंही आहेत आणि वैद्यही. काही नागरिक वेशीबाहेर येऊन चकमक करायला गेले आणि फौजेतल्या बुणग्यांनी, सरदारांच्या हुकमाची वाट न बघता, सोटे घेऊन वेस फोडली. पुढे जे झालं त्यात शेजारी-शेजारी असा भेद राहिला नाही. मॅग्डालिनच्या चर्चमध्ये लपलेलेही मारले गेले. पोपचा दूत आणि सीतो मठाचा मुख्य आर्नो अमालरिक याने स्वतः पोपला लिहिलं की वय, लिंग, दर्जा न पाहता सुमारे 20,000 लोक मारले. शहराचा आकार पाहता हा आकडा फुगवलेला आहे. पण त्याने तो फुगवून सांगितला, आणि तोही अभिमानाने, यातच त्या माणसाची पुरेशी ओळख होते.

आता तुमचं वाक्य. ते याच आर्नोच्या नावावर आहे. पण ते लिहून ठेवलं हायस्टरबाखच्या एका जर्मन साधूने, दहाएक वर्षांनी, बेझिएपासून कित्येक दिवसांच्या वाटेवर बसून. आणि तोही 'तो असं म्हणाला असं सांगतात' अशा शब्दांत. वाक्याचा दुसरा भाग बायबलमधल्या तिमथीच्या पत्रातून उचललेला आहे. त्यामुळे मी वर्गात ते 'म्हणाला' असं कधी सांगितलं नाही. ते वाक्य काढूनच टाका असं मात्र मी म्हणणार नाही. त्या काळातल्या माणसांना आर्नो कसा वाटत होता हे त्यातून कळतं. एखाद्या पात्राने ऐकीव गोष्ट म्हणून सांगितलं तर ते इतिहासालाही धरून होईल.

आर्नोच्या तोंडी घालायला त्याहून भक्कम वाक्य हवं असेल तर पुढच्या वर्षीच्या मिनेर्व्हला चला. जुलै 1210. दरीच्या कडेवरचं गाव पाणी तुटल्याने शरण आलं. जे पाखंडी आपलं मत सोडतील त्यांना जीवदान, असं ठरलं. फौजेतला एक उत्तरेचा सरदार चिडला: आम्ही यांना मारायला आलो, हे भीतीपोटी हो म्हणतील आणि सुटतील. आर्नोने त्याला समजावलं की काळजी करू नकोस, फार थोडे वळतील. तसंच झालं. सुमारे 140 जण चितेवर गेले. ढकलावं लागलं नाही, आपण होऊन गेले, असं लिहिलंय. आणि हे लिहिणारा धर्मयुद्धाचा कट्टर समर्थक, व्हो-द-सेर्नेचा तरुण साधू पिएर, त्या फौजेतच वावरलेला. मी शिकवताना हाच निकष वापरत आलो: एखाद्याचं क्रौर्य त्याच्या शत्रूने लिहिलं असेल तर हात राखून घ्यायचं, त्याच्याच माणसाने लिहिलं असेल तर सहसा मान्य करायचं.

बेझिएनंतर कारकासोन. उन्हाळा, विहिरी आटलेल्या, शहरात आसपासच्या गावांचे लोक आणि गुरं. त्रांकाव्हेल अभयवचनावर बोलणी करायला बाहेर आला आणि परत गेला नाही. 15 ऑगस्टला शहर रिकामं झालं. माणसं अंगावरच्या सदऱ्यानिशी बाहेर पडली, बाकी सगळं आत राहिलं. त्रांकाव्हेल स्वतःच्याच किल्ल्याच्या कोठडीत 10 नोव्हेंबरला मेला. हगवणीने, असं सांगण्यात आलं; दक्षिणेत कुणी त्यावर विश्वास ठेवला नाही. त्याच्या आयुष्यात नाट्य म्हणून जे हवं ते सगळं आहे, पण ते चार महिन्यांत संपतं.

त्याची गादी कुणी घ्यायची? बर्गंडीच्या ड्यूकने आणि नव्हेरच्या काउंटने नको म्हटलं. दुसऱ्याची वडिलोपार्जित जमीन घ्यायला त्यांना बरं वाटलं नाही. ती घेतली सिमॉन द माँफोर याने. पॅरिसजवळचा मध्यम दर्जाचा सरदार, इंग्लंडमधल्या लेस्टरचा वारसा कागदावर त्याचा, हातात काही नाही.

सिमॉनपाशी मी थोडा थांबतो, कारण बहुतेक लेखनात त्याचा नुसता राक्षस होतो आणि राक्षस रंगमंचावर दहा मिनिटांत कंटाळवाणा होतो. 1202 मध्ये चौथ्या धर्मयुद्धाची फौज व्हेनिसच्या नादी लागून झारा या ख्रिस्ती शहरावर चालून गेली तेव्हा पोपने मनाई केली आहे म्हणून हाच सिमॉन बाजूला झाला, आणि पुढे आपल्या खर्चाने सीरियाला गेला. ख्रिस्ती शहरावर हत्यार उचलणार नाही म्हणणारा माणूस सात वर्षांनी बेझिएसमोर उभा होता. यात मला विसंगती दिसत नाही. झाराला पोपने नको म्हटलं होतं, बेझिएला हो. समोर कोण आहे यापेक्षा हुकूम कुणाचा आहे हे त्याच्या लेखी मोठं. वैयक्तिक आयुष्य स्वच्छ, बायको अलिस हिच्याशी एकनिष्ठ, स्वतः सगळ्यात पुढे राहून लढणारा.

आणि त्याची अडचण खरी होती. धर्मयुद्धाला येणाऱ्याने 40 दिवस सेवा केली की पापक्षालन पुरं होत असे. मग माणसं घरी जात. 1209 च्या हिवाळ्यात त्याच्यापाशी तीसेक सरदार उरले आणि भोवती शेकडो किल्ले, जे उन्हाळ्यात शरण येत आणि पानगळीत उलटत. त्याचं क्रौर्य या गणितातूनही येतं. 1210 मध्ये ब्राम घेतल्यावर शंभरेक शिबंदीच्या माणसांचे डोळे काढले, नाकं कापली आणि एकाचा एक डोळा राखला, बाकीच्यांना रांगेने काबारे किल्ल्यापर्यंत चालवत न्यायला. थोड्या माणसांनी मोठा मुलूख धरायचा तर दहशत हीच शिबंदी, असा तो हिशेब होता. कारण सांगितल्याने ते कमी भयंकर होत नाही. पण नटाला भूमिका करायची तर कारण माहीत हवं.

लाव्होरची गोष्ट मी प्रत्येक वर्षी सांगितली. 3 मे 1211 ला ते पडलं. तिथली मालकीण गिराल्दा, विधवा. तिचा भाऊ एमरी द माँरेआल याने दोनदा सिमॉनपुढे मान तुकवली होती आणि दोनदा तो फिरला होता. त्याला ऐंशी सरदारांसह फासावर चढवायचं ठरलं, खांब कोसळला तेव्हा उरलेल्यांना तलवारीने मारलं. तीनशे ते चारशे भले लोक जाळले, या सगळ्या युद्धातली ही सर्वांत मोठी चिता. आणि गिराल्दाला जिवंत विहिरीत टाकून वर दगड लोटले. याचं ओवीबद्ध वर्णन करणारा तुदेलाचा गियोम हा धर्मयुद्धाच्याच बाजूचा कवी. तरी तो थांबून लिहितो की हे पाप झालं, कारण तिच्या दारातून कधी कुणी उपाशी गेलं नव्हतं. दोन्ही बाजूंची माणसं तिच्याकडे जेवलेली असणार, असं मला ते वाचताना दर वेळी वाटतं.

आता आरागॉनचा राजा पेद्रो दुसरा. तुमच्या यादीत तो 'कॅथारांचा पाठीराखा' म्हणून आहे. तो 1204 मध्ये रोमला जाऊन खुद्द इनोसन्टच्या हातून मुकुट घेऊन आलेला, 16 जुलै 1212 ला लास नाव्हास द तोलोसाच्या लढाईत मुसलमान फौजेला हरवणारा, सगळ्या ख्रिस्ती जगाने डोक्यावर घेतलेला राजा. त्या लढाईत आर्नो अमालरिकही त्याच बाजूने गेला होता. पण पेद्रो हा रेमंड सहाव्याचा मेहुणा, आणि त्याची दुसरी बहीण रेमंडच्या मुलाला दिलेली. म्हणजे तुलूझच्या घरात त्याच्या दोन बहिणी, बापाला एक, लेकाला एक. कारकासोन त्याच्या छत्राखालचं वतन. आणि वर, सिमॉनला आवरण्यासाठी त्याने आपल्या मुलाची, हायमेची, सिमॉनच्या मुलीशी सोयरीक ठरवून ते कोवळं पोर सिमॉनच्या ताब्यात दिलेलं. पोपसुद्धा या काळात डळमळला. पेद्रोच्या वकिलांचं ऐकून त्याने 1213 च्या आरंभी धर्मयुद्ध थांबवलं आणि मे महिन्यात ते पुन्हा चालू केलं.

12 सप्टेंबर 1213, म्यूरे. पेद्रोकडे माणसं कितीतरी जास्त. रेमंड म्हणाला, छावणीत दबा धरून बाणांनी खिळखिळं करू. आरागॉनच्या सरदारांनी त्याला भित्रा ठरवलं. पेद्रो दुसऱ्याचं चिलखत घालून, साध्या सरदारासारखा आघाडीला राहिला आणि पहिल्याच धडाक्यात मारला गेला. आपल्या लहानग्या मुलाला ज्याच्या घरी ठेवलं त्याच्याच माणसांनी. सिमॉनने मुलाला परत दिलं ते पुढच्या वर्षी पोपने बजावल्यावर. रेमंडचं म्हणणं त्या दिवशी बरोबर होतं, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. त्याला इतिहासाने भित्रा म्हणून ठेवलंय आणि मला ते अन्यायाचं वाटतं. तो लढाई हरत गेला, पण त्याच्या शहराने त्याला कधी सोडलं नाही.

चर्चच्या माणसांत आणखी दोन नावं लागतील. एक तुलूझचा बिशप फोल्के. तरुणपणी मार्सेयचा व्यापारी आणि प्रेमगीतं रचणारा नावाजलेला कवी. मग बायको-मुलांसह सगळ्यांनीच मठाची वाट धरली. 1205 पासून बिशप, आणि आपल्याच शहराविरुद्ध आयुष्यभर उभा. इटालियन कवी दान्तेने आपल्या काव्यात त्याला स्वर्गात जागा दिली, तुलूझच्या लोकांनी दिली नसती. दुसरा डॉमिनिक, जो अनवाणी फिरून वाद-चर्चेने माणसं वळवू पाहत होता. त्याच्या हातात इन्क्विझिशनचा, म्हणजे पाखंड्यांची चौकशी करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाचा, कागद देऊ नका. तो 1221 मध्ये वारला आणि पोपने नेमलेले चौकशी अधिकारी या भागात 1233 पासून आले, तेव्हा त्याच्या पंथाचे साधू त्या कामात होते. आपल्याकडे इन्क्विझिशन म्हटलं की गोवा डोळ्यांसमोर येतं. 1560 ते 1812 मधलं ते न्यायालय पोर्तुगालच्या राजसत्तेच्या छत्राखाली चाललं. वाडा, पोशाख, मिरवणुका सगळं तिथलं. 1240 च्या तुलूझमध्ये दोन साधू, एक लेखनिक आणि रांगेत उभं अख्खं गाव, एवढंच दाखवा.

फ्वाच्या काउंटचं नावही रेमंड-रॉजर, म्हणून इथे सांगून टाकतो. त्रांकाव्हेल रेमंड-रॉजर म्हणजे कोठडीत मेलेला तरुण. फ्वाचा रेमंड-रॉजर म्हणजे पिरेनीजच्या डोंगरातला राकट, शेवटपर्यंत झुंजणारा. त्याची बायको आणि बहीण दोघी भल्या लोकांच्या पंथात. बहीण एस्क्लार्मोंद हिने 1204 मध्ये दीक्षा घेतली. 1207 मध्ये पामिएच्या वादसभेत फ्वाच्या काउंटची बहीण बोलायला लागली तेव्हा एका साधूने तिला सांगितलं, बाई, जा, सूत काता, इथे बोलणं तुमचं काम नाही. पेरेयची एस्क्लार्मोंद वेगळी, तिच्याकडे मी शेवटी येतो. दंतकथेत या दोघींचा एकच पुतळा झाला आहे. रेमंड सहावा बाप, सातवा मुलगा. सिमॉन एकच लक्षात ठेवा. त्याच नावाचा त्याचा मुलगा पुढे इंग्लंडच्या पार्लमेंटच्या इतिहासात येतो, तुम्हाला तो लागणार नाही.

नोव्हेंबर 1215 मध्ये रोमच्या परिषदेत पोपने तुलूझ सिमॉनला दिलं. तिथे फ्वाच्या काउंटने बिशप फोल्केला तोंडावर सुनावलं आणि इनोसन्ट मनातून रेमंडच्या मुलाकडे झुकत होता, असं वर्णन आहे. रोन पलीकडचा थोडा मुलूख त्याने मुलासाठी राखलाच. हे वर्णन ज्या कवीचं, तो तुदेलाच्या गियोमनंतर तेच काव्य पुढे लिहिणारा निनावी माणूस. एकच काव्य, पहिला भाग धर्मयुद्धाच्या बाजूने आणि दुसरा तुलूझच्या. इतकं सुंदर साधन नाटककाराला क्वचित मिळतं. तुम्हाला सूत्रधार हवे असतील तर हे दोघे आहेत.

13 सप्टेंबर 1217 च्या पहाटे, दाट धुक्यात, म्हातारा रेमंड गारोन ओलांडून तुलूझमध्ये शिरला. तटबंदी सिमॉनने पाडून टाकलेली. शहराने ती हातांनी परत उभारली. बायका, पोरं, कारागीर, सावकार सगळे माती वाहत होते. सिमॉनने वेढा घातला तो नऊ महिने चालला. 25 जून 1218 ला त्याचा भाऊ गी बाणाने जखमी झाला, सिमॉन त्याच्याकडे वळला आणि दगड फेकणाऱ्या यंत्रातून आलेला धोंडा त्याच्या शिरस्त्राणावर बसला. ते यंत्र बायका आणि मुली चालवत होत्या असं तो निनावी कवी सांगतो. त्याने सिमॉनवर लिहिलेल्या ओळी बोचऱ्या आहेत: माणसं मारून, जमिनी बळकावून, बायांचे गळे कापून जर कुणी येशूला मिळवत असेल, तर हा नक्की स्वर्गात मुकुट घालून बसला असेल.

आर्नोचं काय झालं, तेही सांगायला हवं. 1212 मध्ये तो नारबोनचा आर्चबिशप झाला आणि त्या शहराचा ड्यूक कोण यावरून त्याचं आणि सिमॉनचं इतकं फाटलं की बेझिएच्या विजेत्याने कारकासोनच्या विजेत्याला धर्मबहिष्कृत केलं. फळ्यावरची रेघ मी पुसली ती मुख्यतः या प्रसंगामुळे.

यापुढचं मी भराभर सांगतो, कारण नाटकाला ते कमी उपयोगाचं आहे. सिमॉनचा मुलगा आमोरी याला बापाचा मुलूख पेलला नाही, 1224 मध्ये त्याने हक्क फ्रान्सच्या राजाला देऊन टाकले. आठवा लुई 1226 मध्ये मोठी फौज घेऊन उतरला आणि त्याच वर्षी आजारी पडून मेला. त्याची विधवा ब्लांश हिने 12 एप्रिल 1229 ला रेमंड सातव्याकडून तह करून घेतला: पॅरिसच्या नोत्र-दाम चर्चसमोर फटके, अर्धाअधिक मुलूख गेला आणि त्याच्या नऊ वर्षांच्या एकुलत्या मुलीचं लग्न राजाच्या भावाशी ठरलं. ते जोडपं 1271 मध्ये निपुत्रिक वारलं आणि तुलूझ पॅरिसचं झालं. रेमंड सहावा 1222 मध्येच गेला होता. बहिष्कृत म्हणून त्याला पवित्र जमिनीत पुरू दिलं नाही. शवपेटी उघड्यावर राहिली. 1247 मध्ये मुलाने बाप पश्चात्ताप करून मेला हे सिद्ध करायला शंभरावर साक्षीदार उभे केले, तरी परवानगी मिळाली नाही. आणि त्याच मुलाने 1249 मध्ये आजँला ऐंशी पाखंडी जाळले.

म्हणजे तुमच्या कागदाचं उत्तर नाटक कुठल्या वर्षी घडतं यावर अवलंबून आहे. 1209 चं नाटक असेल तर आर्नो आणि त्रांकाव्हेल समोरासमोर, रेमंड मान खाली घालून मागे. 1213 चं असेल तर पेद्रो आणि सिमॉन, आणि मधे एक पोर. 1218 चं असेल तर सिमॉन आणि अख्खं शहर. या तिन्हींत भले लोक बोलणाऱ्या पात्रांत फारसे येत नाहीत, ते पाठीमागे जळत असतात. त्यांना मध्यभागी आणायचं तर मोंसेगुरला जावं लागेल.

मी तिथे एकदा गेलो आहे. बाराशे मीटर उंचीचा सुळका. वर आज जो किल्ला दिसतो तो नंतरच्या मालकांचा, त्या लोकांचा नव्हे. भल्या लोकांच्याच विनंतीवरून रेमंड द पेरेय या सरदाराने 1204 च्या सुमारास वरची जुनी वस्ती पुन्हा उभी केली. 1242 मध्ये तिथल्या शिबंदीच्या माणसांनी आव्हिन्योनेला दोन चौकशी अधिकाऱ्यांना साथीदारांसकट ठार मारलं, आणि पुढच्या मे महिन्यात राजाच्या कारकासोनच्या अंमलदाराने वेढा घातला. दहा महिन्यांनी, 2 मार्च 1244 ला तह झाला: दोन आठवड्यांची मुदत, शिबंदीला माफी, आणि भल्या लोकांनी मत सोडावं किंवा चितेवर जावं. त्या दोन आठवड्यांत वीसेक जणांनी नव्याने दीक्षा घेतली. माफी मिळालेल्या शिपायांनीसुद्धा. पंधरवड्यावर आलेलं मरण त्यांनी मागून घेतलं. 16 मार्चला बिशप बर्त्रान मार्ती याच्यासह दोनशेहून जास्त माणसं डोंगरपायथ्याशी जाळली.

त्यांत किल्ल्याच्या मालकाची, रेमंड द पेरेयची, सासू मार्केझिया होती, बायको कोर्बा होती आणि मुलगी एस्क्लार्मोंद होती. कोर्बाने दीक्षा घेतली ती चितेच्या काही दिवस आधी. रेमंड स्वतः जगला. काही आठवड्यांतच तो चौकशी अधिकारी फेरर याच्यासमोर बसला आणि विचारलं त्याची उत्तरं देत गेला: कोण कुठे राहत होतं, कुणी कुणापुढे वाकून आशीर्वाद घेतला, कोणत्या वर्षी, सोबत आणखी कोण होतं. लेखनिकाने ते लॅटिनमध्ये उतरवून घेतलं. त्या तिघींची नावं आपल्याला कळली ती अशाच जबान्यांतून. मी नाटक लिहीत असतो तर पडदा त्या खोलीत उघडला असता.